माळ्यावरची अनोळखी पेटी

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईसारख्या गावात जुना वाडा उतरवायला काढला की माळ्यावरून खाली येणाऱ्या वस्तूंचं नशीब आधीच ठरलेलं असतं. पितळेची भांडी वाटून घेतली जातात, कंदील दिवाणखान्यात टांगायला जातो, दप्तरं उन्हाला टाकली जातात. व्हॉल्व्हचा रेडिओ निघाला तर त्याचा मान मोठा. त्याचं लाकूड पुसतात, काचेवरची स्टेशनांची नावं मोठ्याने वाचतात, कुणीतरी रेडिओ सिलोनची आठवण काढतं. त्याच्या मागोमाग कधीकधी एक लोखंडी पेटी खाली येते. आकाराच्या मानाने फार जड, काळी किंवा राखाडी, हवेसाठी भोकं पाडलेल्या पत्र्याची. एका अंगाला सॉकेट, दुसऱ्या अंगाला सुती वेष्टणाची अर्धवट कापलेली वायर. नाव नसतं, असलंच तर गंजाने खाल्लेलं. ही कशाची, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. ‘रेडिओचंच काहीतरी असेल’ म्हणून ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि आतल्या तांब्याच्या वजनावर तिचा भाव ठरतो.

माझं म्हणणं असं की या दोघांपैकी आधी ओळखून घ्यायची ती ही पेटी. रेडिओचं कॅबिनेट कारखान्याची गोष्ट सांगतं. मर्फीचा संच ठाण्यात तयार झाला, हे कळायला बीडला येण्याची गरज नाही. पण तो संच ज्या घरात वाजला तिथे वीज कुठून येत होती, किंवा येतच नव्हती, हे फक्त पॉवर सप्लाय, म्हणजे ही पेटी, सांगतो. व्हॉल्व्हची गरज दुहेरी आणि परस्परविरुद्ध असते. काचेच्या नळीतली तार तापवायला दाब थोडा आणि प्रवाह पुष्कळ लागतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या संचात हा दाब बहुधा 6.3 व्होल्ट. तापलेल्या तारेभोवती सुटलेले इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या प्लेटला मात्र दाब मोठा लागतो, 200 ते 250 व्होल्ट, तोही डीसी, आणि प्रवाह अगदी किरकोळ. जगात कुठल्याही घरात ही दोन्ही मापं आयती मिळत नाहीत. हाताशी जी वीज असेल तिच्यातून ती घडवावी लागतात. मुंबईत ती एका रीतीने घडत, कोलकात्याच्या डीसी वीज असलेल्या भागात दुसऱ्या रीतीने आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या वस्तीवर तिसऱ्याच. त्यामुळे रेडिओच्या सगळ्या भागांत स्थळाची खूण सर्वांत ठळक उमटते ती इथे.

बीडच्या बाबतीत ही खूण वाचण्यासारखी आहे. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. महाराष्ट्र झाला तेव्हा मराठवाड्यातल्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. जिल्ह्यातच मोठ्या प्रमाणावर वीज तयार होऊ लागली ती परळीला, 1971 मध्ये, 30 मेगावॉटच्या पहिल्या संचातून. रेडिओचा आवाज त्याच्या कितीतरी आधी आला. हैदराबादच्या रेडिओवरून 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, तेव्हा या मुलखात जिथे जिथे ती ऐकली गेली असेल तिथे तिथे कुठली ना कुठली पेटी रेडिओच्या मागे उभी होती. सीमेपलीकडच्या अहमदनगर जिल्ह्यात 1956 मध्ये आकाशवाणी आणि युनेस्कोने शेतकऱ्यांच्या रेडिओ श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे त्यातले बाकीचे जिल्हे. त्या प्रयोगाचा अभ्यास झाला, अहवाल छापले गेले. श्रोते काय ऐकत होते ते आपल्याला ठाऊक आहे. हैदराबाद राज्याच्या बाजूला असलेल्या आपल्या गावांत रेडिओ कशावर चालत होता, याचा पुरावा मात्र पेट्यांच्या पोटात आहे.

ही पेटी उघडल्यावर, म्हणजे प्लग न लावता नुसती उघडल्यावर, काय दिसतं यावरून पहिला मोठा निर्णय होतो. आत ट्रान्सफॉर्मरच नसेल, चार पिनांचं सॉकेट आणि रिकामी जागा एवढंच असेल, तर ते कोरड्या बॅटरीचं घर. अशा संचांसाठी 90 व्होल्ट आणि दीड व्होल्टचे सेल एकाच खोक्यात बांधून मिळत, आणि पॅक संपला की नवा येईपर्यंत रेडिओ मुका राही. ट्रान्सफॉर्मर आहे आणि त्याच्या शेजारी गोल डबीसारखा, उपटून काढता येणारा भाग आहे, तर ती व्हायब्रेटरची पेटी. खेड्यातल्या विजेच्या इतिहासात मला हा प्रकार सगळ्यांत मोलाचा वाटतो. गाडीची 6 व्होल्टची ॲसिड बॅटरी सरळ ट्रान्सफॉर्मरला जोडून उपयोग नसतो, कारण ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाह लागतो. म्हणून डबीतली पोलादी पट्टी सेकंदाला सुमारे शंभर वेळा थरथरते, प्रवाह एकदा इकडून एकदा तिकडून सोडते, आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे अडीचशे व्होल्ट करतो. काही डब्यांत पट्टीच पुढे त्याची पुन्हा डीसी करते. काहींना त्यासाठी वेगळा रेक्टिफायर व्हॉल्व्ह लागतो. डबी हरवलेली असली तरी पेटी लपत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या उंच दाबाच्या बाजूला आडवा बसवलेला, आकाराने लहान पण हजार-दीड हजार व्होल्ट सोसणारा कंडेन्सर दिसला की समजावं, ही पट्टीच्या ठिणग्या आवरण्याची सोय आहे. घरच्या विजेवर चालणाऱ्या पेटीत तशी काही गरज नसते. बॅटरीकडून येणाऱ्या वायरी चांगल्या जाड असणं, हाही तसाच पुरावा. सहा व्होल्टवर रेडिओ चालवायचा तर प्रवाह कित्येक अँपिअर लागतो, बारीक तारेला तो झेपत नाही.

याउलट जाड पट्ट्यांचा मोठा ट्रान्सफॉर्मर, त्याच्यावर 110 पासून 245 व्होल्टपर्यंत खुणा असलेली फिरवायची चकती, शेजारी रेक्टिफायर व्हॉल्व्हचं सॉकेट, दोन इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि मध्ये चोक, हे सगळं घरच्या एसी विजेचं लक्षण. या घरात तारा पोचल्या होत्या. आणि ट्रान्सफॉर्मर नाही, फक्त तापणारा मोठा रेझिस्टन्स किंवा वापरताना गरम होणारी लांब वायर आहे, तर तो एसी-डीसी दोन्हींवर चालणारा प्रकार. त्यात सगळ्या व्हॉल्व्हच्या तारा एका माळेत ओवलेल्या असतात आणि चॅसी थेट विजेला जोडलेली असू शकते. हात लावणाऱ्याच्या दृष्टीने हा सर्वांत घातक. या चार घराण्यांच्या कडेकडेने दुसरीही आहेत. उदाहरणार्थ, एकाच दांड्यावर दोन कम्युटेटर असलेली फिरती डायनामोटर. तिला ओळखायला विशेष विद्या लागत नाही, ती मोटारसारखीच दिसते.

व्हॉल्व्हवर अक्षर शिल्लक असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर तापवणाऱ्या तारेची गरज सांगतं: ‘डी’ म्हणजे 1.4 व्होल्ट, कोरडा सेल. ‘के’ म्हणजे 2 व्होल्टची ॲसिड बॅटरी. ‘ई’ म्हणजे 6.3 व्होल्ट, ‘यू’ म्हणजे माळेत ओवलेला, 100 मिलिअँपिअरचा. रेक्टिफायरच्या नावात दुसरं अक्षर ‘वाय’ किंवा ‘झेड’ असतं. म्हणून ‘ईझेड 80’ आणि ‘यूवाय 85’ ही दोन नावं दोन वेगळ्या घरांची बातमी देतात. अमेरिकी पद्धतीत सुरुवातीचा आकडाच व्होल्ट सांगतो, जसा ‘5वाय3’ मधला पाच. फिलिप्ससारख्या कंपन्या एकाच धाटणीचा संच वेगवेगळ्या विजेसाठी काढत आणि नमुन्याच्या क्रमांकाच्या शेवटी ‘ए’, ‘यू’ किंवा ‘बी’ लावत: एसी, दोन्ही, बॅटरी. व्हॉल्व्ह नसतील तर सॉकेट बोलतं. मधोमध खाच असलेलं आठ पिनांचं ऑक्टल सॉकेट 1935 च्या पूर्वीचं असू शकत नाही. नऊ पिनांचं छोटं सॉकेट दुसऱ्या महायुद्धानंतरचं. रबर आणि सुताच्या वेष्टणाच्या वायरी जुन्या, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पुढच्या. यातली एकही खूण एकटीने निकाल देत नाही. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की नावाशिवायही पेटीचा जन्म दहा-पंधरा वर्षांच्या आत बांधता येतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत लोकप्रिय आहे: एवढा खटाटोप कशाला, प्लग लावून बघू, चालली तर कळेलच. मी याला सरळ विरोध करतो. पन्नास वर्षं न वापरलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून बिघडलेला असतो. त्याला एकदम पुरा दाब दिला की तो विजेची वाट मोकळी सोडतो, रेक्टिफायर लाल होतो आणि ट्रान्सफॉर्मरचं वेष्टण जळतं. म्हणजे जो पुरावा वाचायचा होता तोच नाहीसा होतो. शिवाय ही पेटी व्हायब्रेटरची निघाली आणि तिला 230 व्होल्ट दिले तर सांगायलाच नको. कंडेन्सरात साठलेला दाब प्लग काढल्यावरही टिकतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो. जुने रेडिओ दुरुस्त करणारे मिस्त्री अनोळखी संचाला आधी मीटर लावत, वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजत. प्रायमरी काही दशक ओहम, उंच दाबाची सेकंडरी काही शतक ओहम, तापवणारी वाइंडिंग एक ओहमच्याही आत, एवढं पाहिलं तरी कुठली वायर कुठली ते कळतं. मग सिरीजमध्ये चाळीस वॉटचा बल्ब टाकून किंवा डिमरस्टॅटवरून हळूहळू दाब चढवत. या सबुरीत ज्ञान होतं. पेटी चालते की नाही हा प्रश्न ती काय आहे या प्रश्नाच्या नंतरचा आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. घरातले म्हणतात, मोजमाप कशाला, आम्हाला माहीत आहे, ही मोमिनाबादच्या छावणीतली. अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद, आणि तिथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, हे खरंच. पण ती कंटिंजंट 1903 मध्ये हिंदी लष्करात विलीन झाली. फ्लेमिंगचा पहिला व्हॉल्व्ह 1904 चा, डी फॉरेस्टचा ऑडिऑन 1906 चा. त्या छावणीत व्हॉल्व्हची पेटी असणं शक्य नाही. एवढ्यावर ही गोष्ट खोटी म्हणून सोडून देणंही घाईचं ठरेल, कारण 1948 च्या सप्टेंबरात भारतीय सैन्य आलं तेव्हा मोमिनाबादला निजामाच्या फौजेतले गोवळकोंडा लान्सर्स होते. त्या काळाच्या फौजेकडे बिनतारी संच असणं सहज शक्य आहे. तेव्हा सांगोवांगी नाकारायची नाही, तिच्याकडे पुरावा मागायचा. लष्करी पेटीवर बहुधा खूण असते: ब्रिटिश मालावर बाणाचं टोक, कॅनडाच्या मालावर ‘सी’ अक्षराच्या आतला बाण, भांडाराचा क्रमांक. तिची सॉकेटं घरगुती रेडिओला जुळत नाहीत, आणि बारा व्होल्टवर चालणारी डायनामोटर तिच्यात असण्याचा संभव मोठा. खुणेवरूनही घसरायला होतं. महायुद्धातल्या ‘19 नंबर’ बिनतारी संचांपैकी कॅनडात बनलेल्या पुष्कळांच्या तोंडावर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरं आहेत, कारण ते सोव्हिएत सैन्याला पाठवायचे म्हणून तयार झाले होते. ती अक्षरं पाहून कुणी संच रशियन ठरवला तर चूक होईल. लेबल हा एक साक्षीदार आहे. वाइंडिंग, वायर आणि पत्रा यांची साक्ष त्याच्याशी ताडून पाहिलीच पाहिजे.

आणि मुळात ती रेडिओची तरी आहे का? हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कपिलधारच्या किंवा परळीच्या यात्रेत, लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या सभेत कर्णे लागत, आणि कर्ण्यांच्या अँप्लिफायरलाही व्हॉल्व्हच होते. अहुजासारखं नाव तर खेड्यापाड्यांत घरचं झालेलं. गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमालाही आवाजाचा अँप्लिफायर लागे. त्यांचा पॉवर सप्लाय रेडिओपेक्षा दांडगा असतो: उंच दाब चारशे-पाचशे व्होल्ट, रेक्टिफायर मोठा, ट्रान्सफॉर्मर उचलताना कमरेला जाणवणारा. घरगुती रेडिओ सगळा मिळून पन्नास वॉटच्या आसपास वीज खातो. त्याच्या तिप्पट-चौपट भार पेलणारी पेटी बैठकीतल्या रेडिओमागे उभी असेल हे पटत नाही. चौकोनी पत्र्यांचा सेलेनियम रेक्टिफायर, ट्रान्सफॉर्मर आणि अँपिअरचं मीटर एवढंच असेल तर तो बॅटरी चार्जर. तो मिळाला तर मला रेडिओ मिळाल्याहून अधिक आनंद होईल. चार्जर होता याचा अर्थ त्या ठिकाणी वीज होती आणि आसपासच्या वीज नसलेल्या वस्त्यांच्या बॅटऱ्या तिथे भरायला येत असण्याचा संभव आहे. एका पेटीवरून त्या भागाचा नकाशा निघू शकतो.

पेटीच्या पोटात बहुतेकदा एकाहून जास्त काळ एकत्र नांदतात. रेक्टिफायरचा व्हॉल्व्ह गेला, नवा मिळेना, तेव्हा मिस्त्रीने सॉकेटच्या पायांवर बीवाय 127 डायोडचे डाग दिले. हा डायोड दिसला की दुरुस्ती ट्रान्झिस्टरच्या युगातली. त्यावरून पेटीच तेव्हाची ठरवणं चूक. सर्वांत नवा भाग शेवटच्या दुरुस्तीचा काळ सांगतो. जन्माचा काळ सांगतात ते ट्रान्सफॉर्मर, चॅसीची भोकं आणि मूळ रिव्हेट. कुणी झाकणाच्या आतून खडूने किंवा पेन्सिलीने उर्दूत, मराठीत, कधी इंग्रजी आकड्यांत व्होल्ट लिहून ठेवलेले असतात. तळाशी चिकटलेलं करोडगिरीचा शिक्क्याचा कागद, हाली रुपयांतली पावती, पोस्टातून काढलेल्या रेडिओ लायसन्सचं पुस्तक, यांतलं काही सापडलं तर ते पेटीपासून वेगळं करू नये. हैदराबाद राज्याची जकात (करोडगिरी) आणि नाणं (हाली) वेगळं होतं. त्या कागदाने पेटी कधी सीमा ओलांडून आली हे कळू शकतं. कारखान्याच्या पुस्तकात ही दुरुस्ती आणि हे कागद नसतात. म्हणून ‘असा नमुना हजारोंनी खपला, त्याच्यात आपल्या गावाचं काय’ या प्रश्नाचं उत्तर मूळ नमुन्यात अर्धंच असतं. बाकीचं अर्धं या बदलांत असतं. बॅटरीचा संच पुढे कुणी घरच्या विजेवर चालवायला लावला असेल, त्यासाठी आत छोटा ट्रान्सफॉर्मर कोंबला असेल, तर त्या घरात तारा पोचल्याचा क्षणच त्यात नोंदला गेला आहे.

शेवटचा आक्षेप कठोर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. बीड हा दुष्काळाचा जिल्हा. दर वर्षी लाखो माणसं ऊसतोडीला घर सोडून जातात. जिथे माणसांच्या स्थलांतराची नोंद धड होत नाही तिथे गंजलेल्या पेटीचं कौतुक कुणाला परवडणार? मला यात विरोध दिसत नाही. ज्यांच्या घरात कागद कमी टिकले त्यांचा इतिहास वस्तूंवरूनच वाचावा लागतो. सरकारी नोंद गावात वीज आली ते साल सांगते. कोणत्या वस्तीवर आली, कोणत्या घरात आली, त्याआधी त्या घराने आवाज ऐकण्यासाठी किती पैसे आणि किती पायपीट मोजली, हे ती सांगत नाही. 90 व्होल्टच्या पॅकचं रिकामं घर ते सांगतं. आणि ओळखायला खर्चही नाही: एक पेचकस, एक मीटर, थोडा उजेड आणि एखाद्या जुन्या मिस्त्रीची सोबत. असे मिस्त्री बीड, माजलगाव, अंबाजोगाईत अजून आहेत, पण ते वयस्कर झालेत.

ओळख पटलीच पाहिजे असा हट्ट मात्र नको. मी तीन पातळ्या धरतो: ही व्हायब्रेटरची पेटी आहे, हे नक्की, महायुद्धानंतरची असावी, हे बहुधा, कोणत्या संचाची, हे अजून कळलेलं नाही. तिसऱ्या पातळीवर घाईने एखाद्या कंपनीचं नाव लिहिलं तर ते पुढच्या माणसाला कायमचं चुकीच्या वाटेने नेतं. ‘अज्ञात’ असं प्रामाणिकपणे लिहिलेली पेटी कधीतरी तिच्या जोडीदार रेडिओला भेटू शकते. सॉकेटच्या पिना जुळल्या की प्रश्न एका क्षणात सुटतो.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांना विनंती आहे. तिला वीज देऊ नका. वायरी कापू नका, तुटक्या असल्या तरी त्याच ठेवा, कारण त्यांची जाडी आणि वेष्टण हा पुरावा आहे. मुलं आसपास असतील तर पेटी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. सगळ्या बाजूंनी आणि झाकण उघडून आतून फोटो काढा. वर काही आकडे दिसत असतील ते जसेच्या तसे उतरवा. मग एका जाड कागदावर लिहा: पेटी कोणत्या गावात, कोणत्या वाड्यात, कुठल्या वस्तूंजवळ मिळाली, घरात वीज कोणत्या साली आली आणि हे कुणी सांगितलं. तो कागद दोऱ्याने पेटीला बांधा. विकायची असली तरी त्यानंतरच विका.